पापण्यांचे बावीस झुपके

डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर सत्त्याण्णव केस होते. त्यांतले चौदा पूर्ण लांबीचे. उरलेले त्र्याऐंशी जळून दोन-अडीच मिलिमीटरवर आलेले, आणि प्रत्येकाच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी बारीकशी काळी गाठ. उजव्या पापणीवर एकशे दोन. तिथे पूर्ण एकसष्ट, जळके एक्केचाळीस. खालच्या पापण्या दोन्ही बाजूंना शाबूत.

एवढं मोजायला धाकटीला पस्तीस मिनिटं लागली. ताई खिडकीशी खुर्चीत मान मागे टाकून बसली होती आणि धाकटी कपाळाला पट्ट्याचं भिंग बांधून तिच्यावर वाकली होती.

"झालं का गं? मान आखडली माझी."

"हलू नकोस, आकडा चुकेल."

"चुकू दे. माझं थोबाड म्हणजे काय तुझ्या प्रयोगशाळेतलं बियाण्याचं पाकीट आहे?"

धाकटी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. एका नमुन्यातले चारशे दाणे मोजायचे, ओल्या कागदावर शंभराच्या चार ओळी लावायच्या, सात दिवसांनी किती उगवले ते पाहायचं. चार वर्षं हेच. चिमटा तिच्या हातात इतका मुरला होता की जेवताना ताटातला खडादेखील ती बोटांनी काढत नसे, चिमटा शोधायला उठे. ताईने तिचं नावच ठेवलं होतं, चिमटे.

पापण्या जळल्या त्या धाकटीमुळे, यात घरात कुणाचं दुमत नव्हतं. शनिवारी दुपारी तिने ओव्हनचा गॅस आधी सुरू केला आणि लायटर मग शोधायला गेली. लायटर जागेवर नव्हता. तो हाती लागून ती परत येते तोच ताई "बटाटे आत ठेवलेस का?" म्हणत ओव्हनपुढे वाकली, आणि धाकटीने बाजूने हात घालून लायटर दाबला. भप्पकन जाळ बाहेर आला आणि गेला. डोळे वाचले. कपाळ दोन दिवस लालबुंद राहिलं, भुवया थोड्या करपल्या, आणि पापण्यांचं हे असं झालं. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिन्यांत येतील परत, काळजी करू नका.

पण ताईकडे दीड-दोन महिने नव्हते. रविवारी तिचा प्रयोग होता.

ताई दिवसा दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर बसायची आणि संध्याकाळी एका हौशी नाटकमंडळीत काम करायची. अकरा वर्षं ती नाटकात होती आणि अकरा वर्षांत तिच्या वाट्याला शेजारीण आली, शेजारणीची जाऊ आली, दारामागून येणारा आवाज आला. एकदा तर ती नुसता टेलिफोन होती. या वर्षी पहिल्यांदा स्पर्धेसाठी एकपात्री नाटक बसवलं होतं आणि ती एकटी बाई ताई होती. इस्पितळातल्या बाकावर बसून आत नेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई. चाळीस मिनिटं ती बडबडते, भांडते, हसते. मग दार उघडतं, कुणीतरी नुसती मान हलवतं, आणि शेवटची चार मिनिटं ती एक शब्द बोलत नाही. समोर पाहत बसते आणि डोळ्यांतून पाणी येतं. नाटक तिथे संपतं. हॉल लहान होता. पहिल्या रांगेतले परीक्षक बाकापासून सात फुटांवर बसणार होते.

दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. सोमवारी त्यांनी ताईला दिव्याखाली बसवलं, स्वतः सात पावलं मागे गेले आणि एक डोळा मिटून नीट पाहू लागले. मग म्हणाले, "बाई, तुमचा चेहरा शिल्लक आहे, डोळे गेलेत. सोललेल्या अंड्यासारखं दिसतंय."

बाजारात मिळतात त्या अखंड पट्टीच्या खोट्या पापण्या त्याच संध्याकाळी लावून पाहिल्या. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "ही मुलाची वाट बघतेय की लग्नाच्या वरातीची?" शिवाय शेवटच्या प्रसंगात ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि डाव्या पट्टीचं बाहेरचं टोक सुटून गालावर लोंबायला लागलं. मंडळींतलं कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर हसले नाहीत. "शनिवारी दुपारी तीनला रंगीत तालीम. तोवर काही जमवा. नाही जमलं तर माझ्या भाचीला संवाद पाठ आहेत."

भाचीला संवाद पाठ होते, हे ताईला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरवालीने ताईच्या पापण्या पाहून हात वर केले. "एकेका केसाला केस जोडायचा म्हणजे मुळात केस पाहिजे ना हो. याला काय जोडू? दोन महिन्यांनी या." घरी येऊन ताई बूट न काढताच पलंगावर बसली आणि धाकटीला म्हणाली, "राहू दे. अकरा वर्षं शेजारीण होते, अजून एक वर्ष होईन."

धाकटीने तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. सॉरी हा शब्द धाकटीच्या तोंडून कधी निघत नसे. लहानपणी ताईची सायकल तिने पाडली तेव्हाही ती सॉरी म्हणाली नव्हती, तिने चाकाच्या तारा मोजल्या होत्या आणि दोन वाकड्या आहेत असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती एक डबी घेऊन आली आणि भिंग कपाळाला बांधून ताईच्या पापण्या मोजायला बसली. त्याचा निकाल वर दिलाच आहे.

डबीत घरच्या घरी लावायचे पापण्यांचे झुपके होते. आठ, दहा, बारा आणि चौदा मिलिमीटरचे, एकेका लांबीचे बारा. सोबत बुरशाने लावायचा गोंद, तो पक्का करायला वरून फिरवायचं सील आणि झुपके काढायचं तेल. युक्ती अशी, की झुपका पापणीच्या कातडीवर चिकटवायचाच नाही. आपल्या केसांना खालच्या बाजूने गोंद लावायचा, तो अर्धा मिनिट वाळू द्यायचा, आणि झुपका डोळ्याच्या कडेपासून दीड मिलिमीटर अंतर ठेवून खालून वर चिकटवायचा. मग केस वर, झुपका खाली, आणि सांधा कुणाला दिसत नाही.

"माझे केस आहेत दोन मिलिमीटर," ताई म्हणाली. "त्यातलं दीड तू सोडणार. मग उरलं काय?"

"अर्धा."

"अर्ध्या मिलिमीटरवर माझं नाटक!"

"अडीचवाले पण आहेत," धाकटी म्हणाली. "चव्वेचाळीस."

भाऊजी दारात चहाचा कप घेऊन उभे होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि कुठल्याही गोष्टीत वजनाचा विचार आधी करायचे. "मेहुणीबाई, एका झुपक्याचं वजन किती?"

धाकटीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या काट्यावर तिने झुपके तोलले. दहा मिलिमीटरचा दीड मिलिग्रॅम भरला, आठचा एक पूर्णांक एक. जळक्या केसांना हे ओझं जास्त होतं, म्हणून तिने बारीक कात्रीने प्रत्येक झुपका मधोमध कापून दोन करायचं ठरवलं. गोंदाचा एक ठिपका मंगळवारीच ताईच्या कानामागे लावून ठेवला होता. चोवीस तासांनी तिथे ना लाली होती, ना खाज. जळक्या केसांच्या टोकांच्या गाठी तिने एकेक करून छाटल्या, कारण गाठीवर गोंद धरत नव्हता. ताईच्या खालच्या पापणीवर ओल्या कापसाची चकती ठेवली होती, तिच्यावर त्या गाठी तिळासारख्या पडत गेल्या.

बुधवारी संध्याकाळी पहिला प्रयत्न झाला. धाकटीने टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं, आपला चिमटा ठेवला, कापूस ठेवला, आणि डाव्या हाताला काचेच्या वाटीत थोडं स्पिरिट ओतून ठेवलं. वाटी न ठेवता काम सुरू करणं तिला सुचलंच नसतं. प्रयोगशाळेत एखाद्या दाण्यावर बुरशी असली तर ती चिमट्यावरून पुढच्या दाण्यांवर जाते, म्हणून दर वेळी टोक स्पिरिटमध्ये बुडवायचं, कापसावर टिपायचं आणि मगच पुढचा दाणा उचलायचा. बुडव, टिप, उचल. चार वर्षांत हे तिने लाखो वेळा केलं असेल.

"चुरचुरतंय गं," ताई मध्येच म्हणाली.

"गोंद असेल. उघडू नकोस."

"गोंद कानामागे चुरचुरला नव्हता."

"कान बघत नाही, म्हणून त्याला कळत नाही."

"वा! हे शिकवतात होय तुमच्या कॉलेजात?"

दोन तास लागले. बारा तुकडे डावीकडे, दहा उजवीकडे. ताईने आरसा हातात घेतला आणि तिची चेष्टा तोंडातच राहिली. आरशात तिचेच डोळे होते, जसे शनिवारी सकाळी होते तसे. भाऊजी नुसते "अरेच्चा" म्हणाले. पण जेवायला बसेपर्यंत उजवीकडचा एक तुकडा गालावर उतरला. ताट उचलताना दुसरा गेला. ताईने शेवटचा प्रसंग करून पाहिला, आणि डोळ्यांत पाणी येताच चौदा तुकडे एकापाठोपाठ सुटले. एक भाऊजींच्या आमटीत सापडला.

"सहा उरले," धाकटी म्हणाली आणि सुटलेले तुकडे चिमट्याने उचलून कागदावर लावायला लागली.

"आमटीतला धुऊन घे," ताई म्हणाली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा असा काही झाला की भाऊजी कप ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसले. "हे बघ," ती धाकटीला म्हणाली, "तू खूप केलंस. मी उद्या मास्तरांना फोन करते. भाची चांगलं करेल, आवाज आहे तिला."

"फोन शनिवारी कर."

"का?"

"शनिवार यायचाय अजून."

पुढच्या पहाटे उठून धाकटीने सुटलेले तुकडे भिंगाखाली धरले. सगळ्यांच्या देठाशी, जिथे गोंद असायला हवा तिथे, दोन्ही बाजूंना एकेक ठिपका अगदी स्वच्छ होता, जणू कुणी पुसून काढलाय. भोवती गोंदाचे पांढरे पापुद्रे. ठिपके सर्वांवर एकाच जागी, चिमट्याची टोकं जिथे पकडतात तिथे. तिला वाटलं, आपण जोरात दाबतो. म्हणून गुरुवारी पहाटेच तिने ताईला उठवून उरलेले सहा तेलाने काढले आणि पुन्हा पाच तुकडे लावले, फुलाची पाकळी धरावी इतक्या हलक्या हाताने. ताई दवाखान्यात पोहोचेपर्यंत चार गळाले. दुपारी तिचा फोन आला. "चिमटे, खिडकीवरच्या म्हातारबाबांनी मला विचारलं, बाई तुमच्या चेहऱ्यावरून मुंगी चाललीय का. काय सांगू?"

"सांग, पाच होत्या, एक उरलीय."

"कार्टे!"

फोन ठेवून धाकटी कामाला लागली. मनात गोंद होता, हात आपले दाणे मांडत होते. बुडव, टिप, उचल. एका काचेच्या झाकणावर मार्करने नमुन्याचा क्रमांक लिहिलेला होता. चिमटा ठेवताना त्याचं टोक त्या क्रमांकावर टेकलं आणि सातचा आडवा दांडा विरघळून निघून गेला.

असं दिवसातून दोनदा तरी होत असे. मार्कर पुसला जातो, आपण शिव्या देतो आणि परत लिहितो. धाकटीने तो क्रमांक परत लिहिला नाही. ती चिमट्याच्या टोकाकडे बघत राहिली. कापसावर टिपलं तरी टोकांच्या बेचक्यात थेंबाचा अंश राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मार्कर खातो. आणि पापणीचा गोंदही खात असणार. वर ताईचा डोळा चुरचुरला तो यानेच. तिने मान खाली घातली. कान तापले होते.

"काय झालं?" शेजारच्या टेबलावरून मॅडमनी विचारलं.

"मॅडम, मी बहिणीच्या डोळ्याशी सत्तावीस वेळा स्पिरिट नेलं."

"कशाला?"

"सवय."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "डोळा बरा आहे ना?"

"लाल नाहीये. सकाळी भिंगाने बघितला."

"मग आता हात आवर. आणि घरी सांग, नाहीतर त्या बाईला वाटेल तिचंच काही चुकतंय."

धाकटीने घरी सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मी म्हटलं चुरचुरतंय तेव्हा ते चुरचुरतच होतं."

"हो."

"लिहून दे."

धाकटीने खरंच कागदाच्या तुकड्यावर 'ताई बरोबर होती' असं लिहून दिलं. ताईने तो पर्समध्ये घातला.

पण कारण सापडलं असं मनाला वाटणं वेगळं आणि ते सिद्ध होणं वेगळं. शुक्रवारी तिने सुट्टी घेतली. ताईच्या कपाटातला पावडर लावायचा जुना बुरूश मागून घेतला आणि त्याचे केस दोन-अडीच मिलिमीटरवर कापले. त्यांच्यावर तिने चाळीस अर्धे झुपके लावले. वीस, चिमटा स्पिरिटात बुडवून. वीस, चिमटा नुसत्या कोरड्या टिपकागदाला पुसून. गोंद तोच, हात तोच, वाळायचा वेळ तोच. लिटरला नऊ ग्रॅम मीठ घालून पाणी केलं, कारण अश्रू साधारण तितकेच खारट असतात, आणि ड्रॉपरने दर दहा सेकंदांना एक थेंब असं दोन्हीवर सात मिनिटं सोडलं. चारच मिनिटं लागणार होती. तीन तिने वरची धरली.

स्पिरिटवाल्या विसातले चार उरले. कोरड्या विसातले एकोणीस.

झुपके तेलाने सोडवून तिने तीच चाचणी पुन्हा एकदा केली. यावेळी तीन उरले आणि एकोणीस उरले. मग ती हात धुऊन झोपली. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि चार रात्रींत मिळून तिची झोप सतरा तासांची झाली होती.

शनिवारी सकाळी नऊला ताई पुन्हा खिडकीशी बसली. टेबलावर स्पिरिट नव्हतं. बाटली भाऊजींनी आपल्या हत्यारांच्या पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं होतं आणि किल्ली खिशात ठेवली होती. पण हाताला ते कुठे ठाऊक? पहिला तुकडा लावून होताच धाकटीचा हात आपसूक डावीकडे वळला आणि रिकाम्या टेबलावर जाऊन टेकला.

"कागद!" भाऊजी ओरडले.

ताई दचकली. "अहो, हळू! डोळा आहे तो माझा, लिफ्टचं दार नाही."

"तिचा हात वळला."

"वळू दे. तुम्ही हळू सांगा."

त्यानंतर दर तुकड्याला भाऊजी हळू आवाजात "कागद" म्हणायचे आणि धाकटी टिपकागदावर टोकं पुसायची. दहाव्या तुकड्यापर्यंत हात वळतच राहिला. अकराव्याला अर्ध्यातून परत आला. सोळाव्याला वळलाच नाही, तरीही भाऊजी म्हणाले, "कागद." धाकटी त्यांना नको म्हणाली नाही. जिथे पूर्ण केस उरले होते तिथे दहा मिलिमीटरचे अर्धे, जळक्या भागात आठचेच. दर तुकड्यानंतर ती मोठ्याने वीसपर्यंत मोजून तो दाबून धरायची. डावीकडे बारा, उजवीकडे दहा. वरून सील. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती सरळ उभी राहिली आणि पाठीतून कडकन आवाज आला.

"चुरचुरलं?"

"नाही," ताई म्हणाली. "आज नाही."

तीनला तालीम सुरू झाली. हॉलमध्ये मंडळींतले सातआठ जण होते. मास्तर पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या दोन खुर्च्या पलीकडे त्यांची भाची. भाचीने ताईच्याच साडीसारखी करडी साडी नेसली होती. धाकटी कडेच्या खुर्चीत बसली, हातात बंद डबी धरून.

दिवे लागले. मास्तर पुढे झुकून ताईच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग मागे टेकले आणि वहीत काही लिहिलं नाही. चाळीस मिनिटं ताई बोलली, भांडली, समोर नसलेल्या परिचारिकेला हसवलं, मुलाच्या वाईट अक्षराबद्दल तक्रार केली. धाकटीने हे संवाद स्वयंपाकघरात पन्नासदा ऐकले होते, तरी ती दोनदा हसली. दार उघडलं. मान हलली. ताई समोर पाहू लागली.

एक मिनिट गेलं. ताईचे डोळे कोरडे होते. दुसरं मिनिट गेलं. धाकटीला कडेने ताईची हनुवटी दिसत होती. ती वर उचललेली होती, जरा जास्तच. पाणी येऊ नये म्हणून माणूस उचलतो तशी. तिसऱ्या मिनिटाला मास्तरांनी वही मिटली.

"थांबा. बाई, हे काय चाललंय? तुमचा मुलगा गेलाय, आणि तुम्ही छतावरची जाळी बघताय?"

ताई बाकावर तशीच बसून राहिली. "येत नाहीये, मास्तर."

"आठवडाभर तर येत होतं."

"तेव्हा माझ्याकडे सांडायला काही नव्हतं."

भाचीने पदर सारखा केला. मास्तर तिच्याकडे वळले, आणि ते काही म्हणणार एवढ्यात धाकटी उठली. ती स्टेजवर चढली नाही. कठड्यापाशी जाऊन उभी राहिली, तिथून ताईचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर येत होते.

"ताई, रड."

"पडतील गं ते."

"नाही पडणार."

"बुधवारी पण तू हेच म्हणाली होतीस."

"बुधवारी मला वाटत होतं. काल मी मीठपाण्यात तपासलंय. सात मिनिटं. दोनदा."

"किती टिकले?"

"विसातले एकोणीस. दोन्ही वेळा."

ताईने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे एक पडेल."

"एखादा पडेल," धाकटी म्हणाली. "तो मी उचलेन. तू बघू नकोस त्याच्याकडे." मग तिचा आवाज खाली गेला. मागच्या रांगेत कुणाला ऐकू गेलं नसेल. "मी गॅस आधी सुरू केला होता, ताई. लायटर हातात नसताना. मला माहीत असतं तो क्रम, मी रोज बर्नर लावते. माझं चुकलं."

ताईची हनुवटी खाली आली.

"शेवटून घ्यायचं का, मास्तर?" तिने विचारलं.

"दारापासून घ्या."

दार पुन्हा उघडलं. मान हलली. ताई समोर पाहू लागली, आणि या वेळी तिने छताकडे पाहिलं नाही, मास्तरांकडे पाहिलं नाही, कठड्याला धरून उभ्या असलेल्या बहिणीकडेही नाही. बाकासमोरच्या, पुन्हा मिटलेल्या दाराकडे पाहिलं. अर्ध्या मिनिटात डोळे भरले. पाणी कडेशी थांबलं, पापण्यांच्या टोकांना लागलं, दिव्यात चमकलं आणि खाली उतरलं. तिने पापणी मिटली. उघडली. आणखी आलं. ती ते पुसत नव्हती. गाल भिजले, हनुवटी भिजली, करड्या साडीवर दोन डाग पडले. तिसऱ्या मिनिटाला उजव्या डोळ्यापासून काहीतरी बारीक, काळं सुटून गालावरच्या पाण्याबरोबर घसरलं. ताईचा चेहरा हलला नाही. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

दिवे मालवले. पुन्हा लागले, तेव्हा मास्तर उभे होते. त्यांनी बराच वेळ खिशात रुमाल शोधला, तो सापडला नाही, मग शर्टाच्या बाहीनेच काम भागवलं. "तुमचा चेहरा उद्या असाच आणा," ते ताईला म्हणाले. मग भाचीकडे वळून, "तू पडदा ओढायचा. चार मिनिटांनी. घड्याळ लावून."

भाची म्हणाली, "हो मामा," आणि तीही डोळे पुसत होती.

धाकटी स्टेजवर चढली तेव्हा ताई अजून बाकावरच होती. धाकटीने भिंग कपाळाला बांधलं, ताईच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि चेहरा दिव्याकडे फिरवला.

"मोज बाई, मोज," ताई म्हणाली. "मोजल्याशिवाय तुला घास उतरायचा नाही."

"हलू नकोस."

ताई हलली नाही. धाकटीने आधी डावीकडचे मोजले, मग उजवीकडचे, आणि मग पुन्हा उजवीकडचे.

डावीकडे बारापैकी बारा. उजवीकडे दहापैकी नऊ.